डिलिसने लावलेली रांग

मार्लथॉर्प गावात डिलिस पारगेटरला न ओळखणारा माणूस सापडणं कठीण. ओळख नसली तरी ती बोलायची. बसथांब्यावर, कसायाच्या दुकानात, एकदा तर दातांच्या डॉक्टरशी तोंड उघडं असतानासुद्धा. नवरा गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून साठी ओलांडल्यावर तिने कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, नोकरी धरली. शाळेच्या टॅक्सीत मागच्या सीटवर मुलाशेजारी बसायचं आणि त्याची काळजी घ्यायची, एवढंच काम.

तिच्या वाट्याला आली टॅबिथा. नऊ वर्षांची, चाकाच्या खुर्चीतली. बोलत नाही, पोटातल्या नळीने जेवते, कधी कधी फिट येते. गावातली खास मुलांची शाळा गच्च भरलेली, म्हणून रोज दोन गावं ओलांडून लांबच्या शाळेत. टॅक्सी डेस्मंडची.

"नात का तुमची?" असं कुणी विचारलं की डिलिस फटकन सांगायची, "छे! मी नुसती सोबतीला." नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी बजावलं होतं, मुलांत जीव गुंतवायचा नाही. डिलिसने मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं?

वाटेत रेल्वेचं फाटक लागे. रूळ आले की डिलिस ओरडे, "उडी!" टॅक्सी धाडकन उसळे आणि टॅबिथा अशी खदखदून हसे की डेस्मंडच्या हातातलं चाक हले.

"हिच्या हसण्यापायी एक दिवस मी खांबाला धडकणार," तो म्हणे.

"हळू चालव मग."

"हळू चालवलं तर हसत नाही ना ती!"

त्या हिवाळ्यात मात्र टॅबिथाला वाटेतच दोनदा मोठी फिट आली. डॉक्टरांनी तिच्या आईला, ब्रायनीला स्पष्ट सांगितलं: एवढा प्रवास पुढच्या शालेय वर्षापासून नको. मग उरलं काय? समुद्राकाठची निवासी शाळा. पोर आठवडाभर तिकडे आणि फक्त शनिवार-रविवार घरी. ब्रायनी बेकरीत पहाटेपासून राबणारी, एकटी बाई. ती त्या दिवशी डिलिसच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

तेवढ्यात बातमी आली. गावातल्या शाळेशेजारच्या मोकळ्या जागेत नव्या वर्गखोल्या बांधायचं कौन्सिलच्या मनात होतं. पण त्या जागेला लागून होतं बोल्स क्लबचं हिरवळीचं मैदान. तिथे पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी मंडळी गोळे घरंगळवतात आणि गवताला तळहाताच्या फोडासारखं जपतात. क्लबचे अध्यक्ष ऑल्सप, निवृत्त बँक मॅनेजर. "आमच्या गल्लीत गाड्यांची झुंबड उडेल!" असं ते भेटेल त्याला सांगत सुटले.

गावाचं मत घ्यायला एका शनिवारी कौन्सिलच्या बाईने चर्चच्या हॉलमध्ये फळा लावला. खोल्या हव्यात त्याने गोंदाचा हिरवा कागदी ठिपका चिकटवायचा, नकोत त्याने लाल. माणशी एक ठिपका. डिलिस दोन लिंबाचे केक भाजून सकाळीच हजर, सोबत ब्रायनी, टॅबिथा आणि डेस्मंड. पण दुपार झाली तरी आला कोण, तर अख्खा बोल्स क्लब. फळा गोवर आल्यासारखा दिसत होता.

"आपण तीन हिरवे," डेस्मंड म्हणाला. "संपलं सगळं."

बाहेर चौकात बाजार भरला होता. माणसं पिशव्या घेऊन दारावरून जात होती, आत कुणी डोकावत नव्हतं. डिलिसने त्यांच्याकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे, आणि तिच्या डोळ्यांत अशी चमक आली की डेस्मंड दोन पावलं मागे सरला.

"चला, बाहेर," ती म्हणाली. "टॅबिथाची खुर्ची पुढे. मागे मी. ब्रायनी माझ्यामागे. डेस्मंड, तू शेवटी."

"आणि करायचं काय?"

"उभं राहायचं."

"अगं पण दार उघडं आहे!"

"म्हणून काय झालं? जरा मागे हो, अंतर ठेव. आणि तोंडावर तो भाव आण, पोस्टात असतो ना, तसा."

चौघं दाराकडे तोंड करून गप्प उभी राहिली. या गावची नाडी डिलिसला पक्की ठाऊक. थोड्याच वेळात कांद्याच्या पातीची जुडी घेतलेली एक आजीबाई थबकली, आणि हळूच डेस्मंडच्या मागे येऊन उभी राहिली.

"रांग कसली आहे रे, राजा?"

"पुढे गेल्यावर कळेल," डेस्मंड म्हणाला.

"बरं बाई," आजीबाई म्हणाली, आणि पिशवी पायाशी ठेवली.

तिच्यामागे कुत्रेवाला. त्याच्यामागे जोडपं. कुणी म्हणालं बटाट्याची रोपं फुकट आहेत, कुणी म्हणालं फ्लूची लस. "मला लस नको," एकजण म्हणाला, पण जागचा हलला नाही. रांग कसायाच्या दुकानापर्यंत पोचली, तिथे सॉसेजच्या रांगेत मिसळली, आणि गोंधळ सुरू झाला.

तो गोंधळ ऐकून ऑल्सपसाहेब बाहेर आले. वाकडी रांग बघून त्यांचा जीव कासावीस झाला.

"ही रांग आहे की मेंढरांचा कळप? सॉसेजवाले डावीकडे! हॉलवाले उजवीकडे! अहो बाई, तुम्ही मध्येच घुसलात, मी पाहिलंय!"

आणि बघता बघता त्यांनी ती रांग आखल्यासारखी सरळ केली. सरळ रांग दिसल्यावर मग काय, उरलेला बाजारही येऊन उभा राहिला. डिलिसने तोंडात रुमाल कोंबला आणि ती टॅबिथाला घेऊन आत पळाली.

आत फळ्याशी ठिपक्यांचा कागद टॅबिथाच्या मांडीवर ठेवला. येणाऱ्या प्रत्येकाला डिलिस सरळ सांगायची, "ही टॅबिथा. हिला घराजवळ शाळा हवी, नाहीतर घर सोडून जावं लागेल. हिरवा तिकडे, लाल इकडे, केक पलीकडे." आता एवढा वेळ रांगेत उभं राहिलेला माणूस काही न करता परत जाईल? छे! आणि पहिल्या आजीबाईने कागदावरून ठिपका सोलला, चर्र आवाज झाला, तशी टॅबिथा खदखदून हसली. फाटकावरचं तेच हसू! मग जो तो ठिपका सावकाश सोलू लागला. फळा हिरवागार होत गेला. एका बाईने लाल लावला, "हिरवा मला शोभत नाही" म्हणून. तिला डिलिसने केकचा तुकडा लहान दिला.

सगळ्यांत शेवटी ऑल्सपसाहेब आले. अध्यक्षाने मत शेवटी द्यायचं, ही त्यांची रीत. त्यांनी लाल ठिपका उचलला.

"गाड्यांची गर्दी होणार, मिसेस पारगेटर."

"रोज सकाळी टॅक्सी भरून पोरं गावाबाहेर जातात, साहेब. शाळा इथे झाली की कितीतरी चालत येतील. आमची फेरीच बंद."

"म्हणजे तुमची नोकरी?"

"जाईल की."

"आणि तरी तुम्ही केक भाजलात?"

"दोन!"

ऑल्सपसाहेबांनी ठिपका सोलला. टॅबिथा हसली. ते दचकले. त्यांनी ठिपका परत कागदावर दाबला आणि पुन्हा सोलला. ती पुन्हा हसली. इकडे तिकडे बघून त्यांनी तिसऱ्यांदा सोलला. मग त्यांना भानच राहिलं नाही. भानावर येऊन त्यांनी ठिपका फळ्यावर लावला, तेव्हा तो टपकन खाली पडला. गोंद संपला होता.

"दुसरा घ्या ना," कौन्सिलची बाई म्हणाली.

"माणशी एक," साहेब ताडकन म्हणाले. "नियम म्हणजे नियम." आणि केकचा तुकडा घेऊन चालते झाले.

खोल्या मंजूर झाल्या, पुढच्या सप्टेंबरात शाळेचं नवं वर्ष सुरू होईतो उभ्याही राहिल्या. टॅबिथाला जागा मिळाली आणि डिलिसची नोकरी गेली. पहिल्या दिवशी डिलिस "सहज" म्हणून ब्रायनीच्या दारात उभी. टॅबिथाची खुर्ची ढकलत दोघी चालत निघाल्या. डिलिस वाटभर रस्ता न्याहाळत होती. या वाटेवर रूळ नव्हते. पोर हसणार कशाला?

शाळेच्या फाटकात गटारावरची लोखंडी जाळी होती. "उडी!" डिलिस सवयीने ओरडली. खुर्ची खडखडली, आणि टॅबिथा अशी हसली की गेटवरचा माणूसही हसला. डिलिसने खुर्ची मागे घेतली. पुन्हा. आणि पुन्हा. मागे खुर्च्यांची, आईबापांची रांग लागली. पुढे का सरकत नाही, हे कुणी विचारलं नाही. रांग ती रांग.

वर्गाच्या दाराशी शिक्षिकेने खुर्चीची मूठ धरली. डिलिसने ती जरा उशिराच सोडली.

ब्रायनी कामावर गेली. डिलिसने घरी जाऊन स्वच्छ शेगडी पुन्हा पुसली आणि ती शाळा सुटायला बराच अवकाश असताना फाटकाशी येऊन उभी राहिली. एकटीच. थोड्या वेळाने ऑल्सपसाहेब पांढऱ्या कपड्यांत, गोळ्यांची पिशवी घेऊन आले. थबकले. मग नीट अंतर ठेवून तिच्यामागे उभे राहिले.

"रांग कसली आहे, मिसेस पारगेटर?"

"माझी पोर सुटायची आहे शाळेतून," डिलिस म्हणाली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, आणि पिशवी पायाशी ठेवली.