भोकं पाडणारे मामा

रिकाम्या डब्याशी एवढं वैर धरणारा माणूस त्रिखंडात दुसरा नसेल. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा दुष्काळ मात्र जुनाच होता. चौथीत शाळा सुटलेली मी, नवरा आणि कडेवरची लेक, असे आम्ही गाव सोडून पार किनवटच्या जंगलात सागाच्या रोपवाटिकेवर कामाला आलो. तिथं औषध फवारणीवर हे मामा मुकादम. फवारणीआधी ते मूठभर माती उधळून वारं बघत. वारं फिरलं की पंप खाली. "आज जावईबापू रुसले," म्हणत सगळ्यांना बसवून ठेवत. मधमाशा दिसल्या तर "पाहुणे जेवून जाऊ द्या." अळ्या थोड्या असल्या तर हातानं वेचायला लावत, "चार अळ्यांसाठी जहर काढतंय व्हय कुणी?" औषधाचे हात तीनदा धुतल्याशिवाय नाकसुद्धा खाजवू देत नसत. एकदा तर खुद्द साहेबांच्या हातातला विडा त्यांनी काढून घेतला होता.

आणि औषधाचा डबा रिकामा झाला की पहारेनं बुडाला चार भोकं पाडून तो पुरायचा. नाला आटलेला, घरात भांडं नाही, अन् हे असले घट्ट झाकणाचे डबे मातीत! बायका तोंडावर म्हणत, "लोक पाण्यावाचून मरून राहिले मामा, अन् तुम्ही डबे फोडून राहिले!" मामा हसत पुढचा डबा उचलत.

मी एक डबा लपवला. राखेनं घासला, टँकरचं पाणी भरून झोपडीत ठेवला. दिवस कलताना मामा दारात.

"एक डबा कमी हाय."

"माझ्याकडं न्हाई, मामा."

ते दाराशीच बसून राहिले. लेक पाण्यासाठी रडायला लागली. शेवटी मी डब्यात वाटी बुडवली, तसे कुणाच्या झोपडीत कधी पाऊल न टाकणारे मामा आत आले आणि लेकीच्या ओठाजवळची वाटी त्यांनी उडवली. पाणी खड्ड्यात ओतलं, डब्याला भोकं पाडली. भर दुष्काळात भरलेला डबा! मी नको ते बोलले, "पोटचं लेकरू असतं तर कळलं असतं तुम्हाला!"

मामा भोकांकडंच बघत होते. "आमीबी असाच डबा तीनदा धुतला होता, बाई. राखेनंच."

थोड्या वेळानं ते आपली भरलेली घागर दारात ठेवून गेले. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत मामा दुसऱ्यांच्या तांब्यानं पाणी पिताना दिसत.

मी घागर परत करायला गेले, तेव्हा त्यांची बदली झाली होती. आम्ही पुढं आणखी लांब गेलो, त्या लेकीला लेकरं झाली. तीही त्याच घागरीतलं पाणी पितात. लई पोचे पडलेत तिला. भोक मात्र अजून एकही नाही.