आमच्या वाडीचा रंग

निकालाच्या दिवशी टीव्हीवर जिल्ह्याचा नकाशा लागतो आणि माझं डोकं दुखायला लागतं. उत्तर कोणाकडे, दक्षिण कोणाकडे, हे मी लग्न होऊन शहरात, सावेडीत आल्यापासून ऐकतेय. बोटानं तालुके मोठे करून दाखवणाऱ्या त्या निवेदकाला ऐन उन्हाळ्यात कोरड्या पाथर्डीला आणि भर पावसाळ्यात आमच्या अकोले तालुक्यात नेऊन सोडावं, असं मला दरवेळी वाटतं. रंग कोणताही येवो, माझ्या माहेरच्या ओढ्यावर पूल काही होत नाही.

माहेर म्हणजे राजूरच्या वरच्या अंगाची एक लहानशी वाडी. तिला स्वतःचं मतदान केंद्र आहे आणि यंदा तेच अंगाशी आलं. निवडून आलेल्या पुढाऱ्याच्या माणसांनी केंद्रवार निकालाचा नकाशा करून मोबाईलवर फिरवला. आजूबाजूची सगळी गावं एका रंगात आणि मधोमध आमची वाडी तेवढी दुसऱ्या रंगात, धुतलेल्या धोतरावर डाग पडावा तशी.

वाईट याचं की, मतदानाआधी सगळ्या वाडीनं खंडोबाच्या देवळात भंडारा उचलून, दरवेळी पुलाचं आश्वासन देणाऱ्या याच पुढाऱ्याला शब्द दिला होता. पहिला हात घातला होता माझ्या वडिलांनी. वाडीच्या वतीनं शब्द द्यायचा तो आबांनीच, हे मी लहानपणापासून बघत आलेय. आता त्यांनी राजूरच्या बाजाराला जाणंच सोडलं होतं. घरातलं मीठसुद्धा दुसऱ्याकडून मागवत होते.

मी भेटायला गेले, त्याच दिवशी पुढाऱ्याचा कार्यकर्ता आला. चहा घेतला आणि मोबाईलवरचा नकाशा आबांपुढे धरला.

"आबा, कोन कोन फुटलं तेवढं सांगा. मग पुलाचं बगू."

"मला न्हाई ठावं."

"वाडी तुमच्या शब्दात हाय ना?"

"हुती," आबा म्हणाले.

तो गेल्यावर मी वैतागले. मला शेजाऱ्यापाजाऱ्यांचा खरंच संताप आला होता. म्हटलं, "आबा, पुरे झालं आता. ज्यांनी भंडारा उचलून दगा दिला, त्यांच्यासाठी तुम्ही का तोंड लपवताय? नावं सांगा आणि चला माझ्याकडे."

आबांनी कार्यकर्त्याचा चहाचा कप उचलून बाजूला ठेवला.

"कुनाची नावं सांगू? म्या सोताच तिकडं दाबलं."

आबांनी आयुष्यात कधी शब्द मोडला नव्हता.

"तुझ्या आईला झोळीत घालून वढ्यातनं दवाखान्याला नेलं, तवा पानी छातीला लागलं हुतं. पल्याड पोचलो तर ती गेलेली. बटन दाबताना त्येच डोळ्यापुढं आलं बग. वाटलं, माझ्या एकट्याच्या मतानं काय हुतंय. कुनाला कळतंय."

उघड्या दारातून मला ओढ्यापर्यंतची घरं दिसत होती. भंडारा उचललेल्या प्रत्येकाला आपण एकटेच फुटलो असं वाटत असणार. ज्या घरातून कधी झोळी निघाली नाही, असं एकही घर मला आठवेना.