लाहनूबाबांचं वाचन

नाशिकच्या जुन्या बसस्थानकावरून पेठकडे जाणारी सकाळची गाडी मी आयुष्यात दोनदा धरली. पहिल्यांदा चार मैत्रिणींबरोबर, गाणी म्हणत, हातात संडे स्कूलच्या चित्रांची सुरळी घेऊन. दुसऱ्यांदा आठ वर्षांनी, एकटी. सांगायचंय ते दुसऱ्या प्रवासाचं, पण आधी पहिल्याची कबुली द्यायला हवी.

ती नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नाशिकला शाळेत शिकवत होते आणि रविवारी चर्चमध्ये मुलांचा वर्ग घेत होते. आमच्या चर्चच्या मंडळीने आम्हाला पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावर (डोंगरातली लहान वस्ती) उपासनेला पाठवलं. पत्र्याचं छोटं चर्च, शेणाने सारवलेली जमीन, पुढच्या सतरंजीवर आम्ही पाहुण्या. शास्त्रवाचनाला लाहनूबाबा उठले. भातशेती करणारे, साठीच्या आतबाहेरचे, अंगात धुवट सदरा. त्यांनी बायबल दोन्ही हातांनी छातीपुढे धरलं, डोळे मिटले आणि डोंगरांकडे पाहणाऱ्या माणसाचं ते स्तोत्र सुरू केलं. आवाज असा, की बाहेर बांधलेल्या शेळ्यासुद्धा गप्प झाल्या असाव्यात.

आणि मला मात्र दिसलं काय, तर त्यांचं पान चुकलं होतं. स्तोत्रं पुस्तकाच्या मध्यावर. त्यांनी उघडलं होतं पार शेवटचं प्रकटीकरण. मास्तरकीची खोड जात नाही. मी उठले, त्यांच्या हातातल्या पुस्तकाची पानं मागे उलटली, बोट ठेवलं आणि हसून म्हणाले, "बाबा, इथं आहे बघा."

लाहनूबाबांनी डोळे उघडले. पानाकडे पाहिलं. मग त्यांच्या तोंडून पुढचा शब्द आलाच नाही. त्यांनी पुस्तक मिटलं आणि ते जागेवर जाऊन बसले. उरलेलं स्तोत्र मीच वाचलं, स्पष्ट उच्चारात.

निघताना त्यांची बायको यमुनाबाई जीपपाशी आली. "बाई, त्यांना वाचता येत नाय," ती हळूच म्हणाली. "पोरगी शनवारी वाचून दाखवती, ते पाठ करत्यात. समद्यांना ठावं हाय." जीपवाला हॉर्न वाजवत होता, मैत्रिणी आत बसल्या होत्या. मी काहीतरी पुटपुटले आणि चढले. त्यानंतर आठ वर्षं मी मुलांना नम्रतेवर धडे दिले.

नवं शतक उजाडून तीनचार वर्षं झाली होती, तेव्हा आमचे पाळक (धर्मगुरू) त्या भागातून फिरून आले आणि सहज म्हणाले, "लाहनूबाबा तुमची फार आठवण काढतात हो." माझा चेहरा उतरला. मला ते गाऱ्हाणंच वाटलं. पुढच्याच शनिवारी मी गाडी धरली.

घाटात माझी माफीची तालीम चालू होती. शेजारची बाई दर वळणाला मला लिंबू हुंगायला देत होती, आणि मी मनातल्या मनात वाक्यं खोडून नवी लिहीत होते. घाट संपल्यावर दोन्ही बाजूंना खुरासणी (कारळे) पिवळीधमक फुललेली, उतारावर नागलीची (नाचणीची) कणसं लालसर होत आलेली. एरवी मी खिडकीला चिकटले असते. त्या दिवशी डोळ्यांना सुख लागलं नाही.

पेठला मोबाईलची रेंज गेली आणि माझं डोकंही गेलं असावं, कारण मी भलत्याच जीपमध्ये बसले. चूक कळली तेव्हा दोन पाडे पुढे गेले होते. बांधाबांधाने परत येताना चपलेचा अंगठा तुटला. गवत कापणाऱ्या एका माणसाने तारेचा तुकडा काढून तो जोडून दिला.

"कुठं चालल्या?"

"लाहनूबाबांकडे."

"वाचनारं बाबा ना? त्या माळावरून सरळ जा. लय भारी मानूस."

वाचणारे बाबा! मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे त्यांनी सोडलं नव्हतं. तारेच्या चपलेनेही मी झपझप चालू लागले.

लाहनूबाबा अंगणातच होते. आता चष्मा आला होता. मला पाहताच ते दोन्ही हात जोडून उठले आणि घरात ओरडले, "अगं, पान दाखवनाऱ्या बाई आल्या!"

यमुनाबाईने नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी वाढली. ताटाला हात लावण्याआधी मी बोलूनच टाकलं. "बाबा, त्या दिवशी मी फार चुकले. सगळ्यांसमोर तुमचा अपमान केला. मला क्षमा करा."

 बाबा हसले. "चुकलं कसं म्हनता? लाज लय वाटली, खोटं नाय बोलनार. महिनाभर उपासनेला गेलो नाय. मंग सरकारचा वर्ग निघाला, म्हताऱ्यांना शिकवायचा. जाऊन बसलो बायाबापड्यांत. तुमी पान दावलं नसतं तं मी आंधळाच मेलो असतो, बाई."

त्यांनी आतून कागद आणून दाखवला. साक्षरता वर्गाचा, खाली त्यांची सही, एकेक अक्षर वेगळं उभं केलेलं. मी तो हातात धरला. आठ वर्षांचं ओझं उतरायला हवं होतं. उतरल्यासारखं झालंही.

म्हणूनच मी लाडाने म्हटलं, "मग ते डोंगराचं स्तोत्र एकदा म्हणा ना. मागे माझ्यामुळे अर्धंच राहिलं."

बाबांनी तोंड उघडलं, एक ओळ म्हटली, आणि थांबले. उठून चष्मा पुसला, पुस्तक आणायला आत गेले. "पाठ नाय म्हनत आता," आतून आवाज आला. "एखादा शबूद इकडचा तिकडं झाला तं? देवाचं हाय ते. पुस्तकात हाय तसंच पायजे." यमुनाबाई खाली मान घालून भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी उपासनेत मला परत पुढच्या सतरंजीवर बसवलं. वाचन होतं उधळ्या मुलाच्या गोष्टीचं. लाहनूबाबांनी पान बिनचूक उघडलं. बोट ओळीखाली ठेवलं आणि एकेक अक्षर जुळवायला लागले. धा... धाक... धाकटा. जोडाक्षर आलं की थांबायचे, मागे जायचे, पुन्हा यायचे. कपाळावर घाम आला होता. मागे एक बाळ रडायला लागलं, कुणीतरी त्याला घेऊन बाहेर गेलं. मुलगा वाटणी घेऊन दूर देशी गेला, सगळं उधळून बसला, दुष्काळ पडला. पाव तास झाला असेल. डुकरं खातात त्या शेंगांनी तरी पोट भरावं असं त्याला वाटतंय, तिथे बाबांनी बोट उचललं.

"आज हितवर. बाकीचं पुढल्या आइतवारी."

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाढे म्हणून झाल्यावर मूल बाईंकडे पाहतं, तसं. मी मान हलवली, छान म्हणून. दुसरं काय करणार होते?

यमुनाबाई मला जीपच्या फाट्यापर्यंत सोडायला आली. वाटेत तिने माझी पिशवी स्वतःकडे घेतली. मग म्हणाली, "आधी भात लावताना चिखलात उभं राहून म्हनायचं. आमी बाया मागं मागं म्हनायचो. त्यो बाप परत येनाऱ्या पोराला लांबून बघतो, पळत सुटतो ना, तिथं ह्यांचा गळा भरून यायचा. आमी समद्या रडायचो." तिने भाताच्या खाचरांकडे हात केला. "आता शेतात गपच असत्यात. पुस्तक घरी असतं."

"तुम्ही सांगा ना त्यांना, पाठ म्हणायला काही हरकत नाही म्हणून."

"सांगून पायलं. म्हनत्यात, बाईनं दावलं तसंच."

"मग मी परत येऊन सांगते. आत्ताच चला."

"नगं, बाई," ती म्हणाली. "लय आनंदात हायेत."

परतीच्या गाडीत मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. माणसाला वाचता आलं याचं दुःख शिक्षिकेने करावं? आता ते गाडीची पाटी वाचतात, सही करतात. हे वाईट म्हणण्याची माझी छाती नाही. पण मी त्यांना अक्षरं दिली नव्हती, ती त्यांनी कष्टाने मिळवली होती. मी दिली होती ती फक्त चुकण्याची भीती. आणि माफी मागितली ती ज्याची तक्रारच नव्हती त्याच्याकडे. शेतात त्यांच्यामागे म्हणणाऱ्या, उपासनेत मागच्या ओळींत बसलेल्या बायकांकडे मी दोन दिवसांत एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

गाडी नाशिकला लागली तेव्हा ऊन अजून होतं. तिकडे पाड्यावर तो धाकटा मुलगा पुढल्या रविवारपर्यंत डुकरांजवळच उपाशी बसणार होता. बाप वाटेकडे डोळे लावून होता, आणि त्यांच्यामधली वाट मी लांब करून आले होते.