झुंबरबाई लेहच्या रस्त्याला लागल्या

वडिलांना अग्नी देऊन माणसं घरी परतली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, आणि झुंबरबाईंचं अर्धं लक्ष भांडगावच्या हायवेवरून जाणाऱ्या एसटीकडे होतं. चौफुल्याला उतरायचं, तिथून शिक्रापूरची गाडी धरायची, पुढे मिळेल त्या वाहनानं सासरी, केंदूरला पोहोचायचं आणि दिवस मावळायच्या आत गोठ्यात बसायचं. त्यांनी पिशवी उचलली तशी भावजय दारातच म्हणाली, "बाप एकदाच मरतो, वन्सं. म्हैस काय, रोजच दूध देती."

झुंबरबाई एसटीला निघाल्या. घरची म्हैस त्यांच्याशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडत नव्हती, हे खरंच होतं. ही गोष्ट त्र्याण्णव सालची. त्यानंतर दोन म्हशी बदलल्या, पण हात बदलला नाही. सासूबाई गेल्यापासून झुंबरबाई एक रात्रही घराबाहेर झोपल्या नव्हत्या. सख्ख्या भावाच्या लग्नात हळदीला दुपारी गेल्या, संध्याकाळी परतल्या, सकाळची धार काढून अक्षता टाकायला पुन्हा गेल्या.

नवरा पोपटराव दूध संघाचा टँकर चालवायचे. तालुक्याचं दूध रोज मुंबईला न्यायचं आणि रिकामा टँकर घेऊन परत यायचं. नवरा दुधाबरोबर रस्त्यावर आणि बायको म्हशीबरोबर घरात, अशी एकतीस वर्षं गेली. भांडण असं कधी झालंच नाही. भांडायला दोघं एका जागी हवीत.

निवृत्तीनंतर काय करायचं ते पोपटरावांनी फार आधी ठरवून ठेवलं होतं. एकदा लोणावळ्याच्या अलीकडे ढाब्यावर त्यांनी एका गोऱ्या म्हाताऱ्याची गाडी पाहिली. मागच्या बाजूला पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. म्हातारा बायकोला घेऊन थेट जर्मनीहून गाडी चालवत आला होता आणि लेहला निघाला होता. घरी आल्यावर पोपटरावांनी टाकी किती लिटरची, शेगडी कशी बसवलेली, सगळं रंगवून सांगितलं. झुंबरबाईंनी भाकरी थापता थापता एकच विचारलं, "आन् बाई काय करत व्हती?"

"बाई? खुर्ची टाकून बसली व्हती."

"बसून काय करत व्हती?"

"काय न्हाई. डोंगराकडं बघत व्हती."

झुंबरबाईंनी भाकरी तव्यावर टाकली.

२००४ च्या मे महिन्यात पोपटराव निवृत्त झाले आणि आठवड्याभरात बेकरीचे पाव वाहणारी एक जुनी ४०७, छोट्या ट्रकासारखी गाडी, दारात आणून उभी केली. हरिबा हा त्यांचा जोडीदार, तोही टँकरवरचाच, वर्षभर आधी मोकळा झालेला. दोघांनी आलटून पालटून गाडी चालवायची आणि लेहपर्यंत जायचं, असं ठरलं. झुंबरबाईंना कुणी विचारलं नाही. त्यांना म्हशीमुळे जमणार नाही हे इतकं उघड होतं, की विचारणं म्हणजे उगाच तिला वाईट वाटायला लावणं, असं पोपटरावांना अगदी मनापासून वाटत होतं.

आतलं काम करून घ्यायला गाडी पाबळला ज्योतिबाच्या वेल्डिंगच्या दुकानात होती. पोपटराव सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे. एका दुपारी झुंबरबाई जेवणाचा डबा घेऊन स्वतःच तिथे गेल्या. गाडीच्या मागच्या दारातून आत चढल्या. कपाट होतं, शेगडीचा ओटा होता, टाकी होती. एका बाजूला झोपायची फळी होती. त्यांनी ती वितीनं मोजली.

"ही केवढी हाय रं?"

"दोन फूट, काकू. आण्णा हिच्यावर झोपणार. हरिबाआप्पा फुडं शिटावर."

"चार फुटाची कर."

ज्योतिबानं पोपटरावांकडे पाहिलं.

"त्येंच्याकडं काय बघतो? झोपायचं मला हाय."

पोपटरावांच्या हातातला घास हातातच राहिला. ते म्हणाले, "आन् कवडीचं?" एका डोळ्यात पांढरं टिपूस होतं म्हणून म्हशीचं नाव कवडी होतं.

"तिला न्यायची न्हाई," झुंबरबाई म्हणाल्या.

हरिबाला वाईट वाटेल असं पोपटरावांना वाटलं होतं, पण तो पारावर बसून मोठ्यानं हसला. माझी पाठ वाचली, म्हणाला. क्लीनर घरचा असला की बरं, भांडण झालं तरी गाडी सोडून पळत नाही. चुलत जाऊ दगडाबाई मात्र तीन दिवस सांगत फिरली, की नातवंडं खेळवायच्या वयात या दोघांना फिरायचं सुचलंय, आणि मुकं जनावर तळतळलं तर कुठेच बरं होत नाही.

आता प्रश्न कवडीचा होता. निघायला दोन महिने होते. सून अनिता तयार होती. पहिल्या दिवशी ती बसली तर कवडीनं लाथ मारून चरवी उडवली. दुसऱ्या दिवशी दूधच चढवून धरलं. मग अनितानं सासूचं लुगडं नेसून पाहिलं, सासूसारखा डोक्यावर पदर घेतला, तिच्यासारखं "हो बया, हो बया" म्हणत पाठीवर थाप दिली. कवडीनं मान वळवली, नीट पाहिलं, आणि पाटीतल्या आंबोणालाही तोंड लावलं नाही. फसली नाही.

तिसऱ्या आठवड्यात अनिता चिडली. चरवी खाली ठेवून म्हणाली, "आत्या, मी लग्न होऊन आले तवा पहिल्याच म्हैन्यात बसले व्हते. तुमीच उठिवलं. तुला जमायचं न्हाई म्हणला."

झुंबरबाई गोठ्याच्या उंबऱ्यावर बसल्या. हे त्यांना आठवत होतं. अनिताच्या आधी नणंद बसली होती, तिलाही त्यांनीच उठवलं होतं. नवऱ्यानं एकदा सुट्टीच्या दिवशी हात लावला तर दोन दिवस बोलल्या नव्हत्या. 'झुंबरच्या हाताशिवाय म्हैस दूध देत न्हाई' असं गावात कुणी म्हटलं की त्यांना आतून बरं वाटायचं. घरात त्यांच्या नावाचं एवढं एकच होतं. ते त्यांनी घट्ट धरून ठेवलं, आणि त्यातच स्वतः अडकल्या.

"माझंच चुकलं, अने," त्या म्हणाल्या. सुनेला असं म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. अनिता गोंधळून पुन्हा म्हशीखाली बसली.

निघायच्या दिवसापर्यंत कवडी निम्मं दूध देऊ लागली होती. उरलेलं निम्मं ती झुंबरबाईंसाठी राखून ठेवायची. तशीच अवस्था मागे टाकून ऑगस्टच्या शेवटी गाडी निघाली.

पहिल्या दिवशी पोपटराव शिरूर, नगर, मनमाड करत धुळ्यापर्यंत कुठेही न थांबता गेले. झुंबरबाईंनी मागून केबिनच्या फळीवर तीनदा ठोकलं तेव्हा गाडी थांबली. काय झालं म्हणून ते धावत मागे आले.

"कशाची घाई हाय?"

"घाई न्हाई. सवय हाय. दूध येळंत पोचलं पायजे."

"मागं दूध न्हाई, मी हाय. मी नासत न्हाई."

त्यानंतर झुंबरबाई पुढे, नवऱ्याच्या शेजारी बसल्या आणि गाडी त्यांच्या सांगण्यावर थांबू लागली. नर्मदेवर थांबली. चंबळच्या पुलावर थांबली. हरयाणात एका गोठ्यासमोर थांबली, तिथल्या काळ्याभोर, आखूड वळलेल्या शिंगांच्या म्हशी त्यांनी कुंपणाबाहेरून पाहिल्या आणि मालकिणीशी अर्धा तास गप्पा मारल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यानं काही अडलं नाही. पोपटराव सुरुवातीला घड्याळ पाहायचे. अंबाल्यापर्यंत त्यांनी ते काढून कपाटात ठेवलं.

मनाली मागे टाकून रोहतांगची खिंड ओलांडली आणि गाडी केलाँगला पोहोचली. झाडं विरळ झाली होती. रस्ता म्हणजे डोंगराच्या अंगावर नखानं ओढलेली रेघ. तिथल्या एसटीडी बूथवरून पोपटरावांनी घरी फोन लावला. मुलगा संपत रांजणगावच्या कंपनीत होता, त्याची त्या दिवशी सुट्टी होती. पोपटराव ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. मग फोनवर हात ठेवून म्हणाले, "कवडीनं चार दिस झालं धारंला बसूच दिलं न्हाई. दूध आटत चाललंय. रातभर दाराकडं तोंड करून वरडती म्हणं. संपत म्हणतो, आईला मनालीहून दिल्लीच्या गाडीत बसवा. दिल्लीला तो घ्यायला येतो."

म्हैस आपल्यासाठी रात्रभर ओरडते, हे ऐकून झुंबरबाईंच्या छातीत गोड काहीतरी हललं. त्यांना ते ओळखता आलं. याच गोडीच्या पायी त्या बापाच्या सुतकात एसटीमागे धावल्या होत्या. त्यांनी फोन हातात घेतला.

"संपत, अनिता बसती धारंला?"

"बसती. ऐकत न्हाई ती."

"तू बसला का?"

"मी? आई, मला शिफ्ट असती."

"शिफ्ट संपल्यावर बस. चार दिस लाथा खा. बायांनी लई खाल्ल्या."

"आन् आटली तर?"

"आटली तर आटू दे," झुंबरबाई म्हणाल्या. "मी लेहला चालले. रस्ता जाईल तिथवर जानार हाय. आता फोन ठिव, बिल पडतंय."

बूथवाल्या बाईला शब्द कळले नव्हते, पण तिनं न मागता चहा दिला. पोपटराव बाहेर गाडीला टेकून उभे होते. बायको बाहेर आली तसं त्यांनी पुढचं दार उघडून धरलं. एकतीस वर्षांत असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

पुढचे चार दिवस सोपे नव्हते. बारालाचाच्या चढावर ४०७ धापा टाकू लागली आणि पोपटरावांचं डोकं ठणकू लागलं. सरचूला रात्री टाकीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला. झुंबरबाईंनी लसूण घालून कढत पिठलं केलं, नवऱ्याला बळेच खायला घातलं आणि एक दिवस पूर्ण झोपवून ठेवलं. गाडी कधी हलायची ते आता त्याच ठरवत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या खिडकीतून डोकं काढून वळणा-वळणाला समोरचं सांगत राहिल्या: ट्रक हाय, थांबा; मोकळं हाय, घ्या. त्या रस्त्यावरच्या सगळ्यात उंच खिंडीवर पताका फडफडत होत्या. लष्कराच्या एका ट्रकवाल्यानं गाडीची एमएच पाटी पाहून सलाम ठोकला. झुंबरबाईंनी त्याला उलटा सलाम ठोकला.

लेहहून पुन्हा फोन केला. या वेळी संपत स्वतःहून बोलत सुटला. दोन दिवस कवडीनं त्याला पाडलं होतं, तिसऱ्या दिवशी लिटरभर दिलं, काल तीन. अनिता कुठे आहे विचारलं तर म्हणाला, माहेरी गेली, चार दिवसांसाठी. लग्न झाल्यापासून ती चार दिवस एकदाही राहिली नव्हती. झुंबरबाईंनी फोन ठेवला आणि बाजारात जाऊन सुनेसाठी लोकरीची शाल घेतली.

पोपटरावांना वाटलं, झालं, लेह आलं, आता परत. झुंबरबाईंनी समोरच्या डोंगराकडे बोट केलं. रस्ता तिथून वर चढत होता.

"त्यो कुठं जातो?"

पलीकडच्या दरीत, पोपटराव म्हणाले, पण त्याला परवाना लागतो.

"मग काढा की."

परवाना निघाला. डोंगर ओलांडून गाडी नुब्राच्या खोऱ्यात उतरली. वाळू, जर्दाळूची झाडं, राखाडी नदी. रस्ता नदीकाठानं उत्तरेला जात राहिला, आणि पनामिक गावापुढे एका आडव्या दांड्याशी थांबला. तिथे एक जवान उभा होता. त्यानं हात वर केला. याच्या पुढे साध्या माणसांना जाता येत नाही, असं त्यानं हिंदीत सांगितलं.

पोपटरावांनी सवयीनं लगेच गिअर मागे टाकला. झुंबरबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि खाली उतरल्या. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडत होता, तो त्यांनी दातात धरला. जवानाजवळ जाऊन आपल्या हिंदीत विचारलं, "भाऊ, आगे और कुछ देखने का है?"

"आगे सिर्फ बरफ है, माताजी. और हम लोग."

"बस क्या?"

"बस."

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. दांड्याच्या पलीकडे रस्ता थोडा दिसत होता, मग वळण. आजवर त्या कुठूनही निघाल्या त्या दिवस मावळायला आला म्हणून. आज दिवस डोक्यावर होता, घरून कुणी बोलावलं नव्हतं. आज रस्ताच संपला होता. त्यांनी त्या गार लोखंडी दांड्यावर दोन्ही हात ठेवले आणि मन भरेपर्यंत पलीकडे पाहत उभ्या राहिल्या. जवानानं घाई केली नाही. पोपटरावांनी इंजिन बंद केलं.

मग त्या मागे वळल्या, गाडीत चढल्या, दार लावून घेतलं.

"आता वळवा," म्हणाल्या. "आन् घरी जाताना दुसऱ्या वाटंनं चला."