लोकूमलकाकांची लॉरी

महायुद्ध संपल्यावर मिलिटरीने टाकलेल्या गाड्या उल्हासनगरात, कॅम्प दोनच्या आमच्या गॅरेजात यायच्या. मी तिथे फिटर. भंगाराबरोबर किस्सेही साचायचे. भंगार विकलं गेलं, किस्से राहिले. त्यातले बरेचसे लोकूमलकाकांचे!

*

काका फाळणीत सिंधमधून आलेले, बाजारात पापड विकायचे. एकदा येऊन म्हणाले, "राहायला गाडी पाहिजे. घर नको."

आमचे मालक बाबूराव म्हणाले, "साईं, सर्कस काढताय का?"

काका हसले नाहीत. जमनाकाकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, आल्यापासून बरॅकीत गाठोडं सोडलं नव्हतं. पक्कं घर केलं की परत जाणं संपलं, असं त्या म्हणायच्या. चाकांवरचं घर मात्र त्यांना चालणार होतं.

*

आधी ट्रेलर दाखवला. ऐसपैस, खिडक्यांचा! काकांनी जोडायचा हूक हलवून पाहिला. "हा सुटला तर?"

"गाडी पुढे जाईल, घर मागे राहील," मी बोलून गेलो.

"एकदा राहिलं ना, भाऊ. बस झालं."

बाबूरावांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी दिवसभर गाडीखालून बाहेर आलो नाही.

*

मग ॲम्ब्युलन्स. इंजिन फर्स्टक्लास! अंबरनाथपर्यंत चक्कर मारली, काका एकदम खूश. पण त्यांना आत पींघो टांगायचा होता, सिंधी घरातला मोठा लाकडी झोपाळा. काकींचा तिकडेच राहिला होता, म्हणून काकांनी नवा करून घेतलेला. ॲम्ब्युलन्सचं छत इतकं ठेंगणं, की झोपाळ्यावर बसायचं तर डोकं काढून ठेवावं लागलं असतं!

*

लॉरीत झोपाळा झकास बसला. पण तिचं इंजिन कायमचं गेलेलं.

"अहो, धावणारी घ्या," बाबूराव म्हणाले.

काका दोन्ही गाड्यांच्या मध्ये बराच वेळ उभे राहिले. "लॉरीच द्या. बॉनेटला बोल्ट मारून टाका. जमनाला कळता कामा नये."

ते बोल्ट मीच आवळले. फार वाईट वाटलं.

*

काकी देवळात गेल्या असताना लॉरी ओढत नेऊन बरॅकीपुढे उभी केली. काकी आल्या, झोपाळ्याला हात लावला आणि म्हणाल्या, "इसका मुंह उस तरफ करो."

सिंधच्या दिशेला! काकांचा चेहरा उतरला.

"पेट्रोल कशाला जाळायचं?" बाबूराव ओरडले. "चला रे, लावा हात!"

ढकलून ढकलून लॉरी फिरवली. काका धापा टाकत पाणी प्यायला गेले. काकींनी गाठोडं सोडलं. पहिलं पातेलं माझ्या हातात देत हळूच म्हणाल्या, "इंजन नहीं है, मालूम है. उसको मत बोलना."