मधले मुक्काम

“नेलंय तसं आणून द्यायचं,” असं समोरच्याच्या मनगटावर दोन बोटं टेकवून म्हटल्याशिवाय आबांनी कुणाला साधं घमेलंही दिलं नाही.

मी बारामतीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो. इंग्रज साहेबानं आपली गाणी कागदावर कशी नेली आणि नेताना कशी मोडली, हे सांगताना माझा आवाज फार चढतो. तुम्ही माझ्या वर्गात बसला असाल, तर मागच्या बाकावरचं हसू तुम्हाला आठवेल.

प्रबंधासाठी मी डाळजला आबांकडे गेलो. त्यांचं घराणं पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचं, आता ऊस लावतं. कळपाच्या वाटेच्या ओव्या एकट्या आबांना पुऱ्या पाठ होत्या. एकेका मुक्कामाचं नाव, तिथला ओढा, तिथला देव. त्यातले कितीतरी मुक्काम धरणाच्या पाण्याखाली गेलेले.

मी मोबाइलवर सगळं रेकॉर्ड केलं. उठताना मनगटावर दोन बोटं आली.

“नेलंय तसं आणून द्यायचं, मास्तर.”

“आबा, गाणं म्हणजे काय घमेलं हाय?”

“घमेलं बाजारात मिळतंय.”

मी खो खो हसलो. ओव्या इंग्रजीत केल्या, पदवी मिळवली. परिषदेत ‘हिरावलेले आवाज’ या विषयावर बोललो. त्या भाषणाचे फोटो मोबाइलमध्ये मावेनात, म्हणून जुनं रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

दोन वर्षांनी आबांचा फोन आला.

“मास्तर, मधले मुक्काम निसटाय लागलेत. जत्रा आलीया, पुतण्याला शिकवायचंय. तुमच्याकडं हायत न्हवं?”

“हायत की!” मी म्हणालो आणि प्रबंध पिशवीत टाकून निघालो. डाळजच्या वाटेवर, जळोचीपासून भिगवणपर्यंत, गाडीवर एकच हिशेब चालला होता, प्रबंधात नक्की काय काय घेतलंय?

ओसरीवर पुतण्या वही उघडून बसला होता. मी इंग्रजी वाचत मराठीत सांगू लागलो. आबा मान डोलवत होते. मग ते पान आलं. तिथं मीच लिहिलं होतं, ‘यापुढे ठिकाणांची लांबलचक यादी आहे, ती गाळली आहे.’

“पुढं?”

“पुढं... कळप पोचतो, आबा.”

“व्हय, पण कुठनं कुठनं?”

पुतण्याचं पेन वहीवर तसंच थांबलेलं.

आबा रागावले नाहीत. माझं मनगट धरून नुसते बसले. पुढच्या जत्रेला ते नव्हते.

पुतण्या चांगला गातो. मधल्या जागी येऊन तो गप्प होतो आणि नुसता ढोल वाजत राहतो. बायाबापड्यांना वाटतं, गाणं असंच आहे. मी गर्दीत मागे उभा राहतो आणि ढोल थांबेपर्यंत स्वतःचंच मनगट दाबून धरतो.