ढोलकीची माफी मी मागणार नाही

अपमान झाला तो माझा. या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, सकाळची उपासना सुटल्यावर, साडेदहाच्या सुमाराला, चर्चच्या दारात. हातात झावळ्या घेऊन तुम्ही सगळे उभे होतात.

मी गायनमंडळात ढोलकी वाजवते. आपल्याकडे भजनाची ओळ आधी गायनमंडळ म्हणतं, मग मंडळी. त्या दिवशी मंडळीची ओळ संपायच्या आतच मी दुगण घेतली, लय दुप्पट केली. चाल पळाली. मागच्या बाकावरची म्हातारी माणसं अर्ध्या ओळीवर थांबली. चूक माझी होती.

कमिटीचे सेक्रेटरी दारात आले. निवृत्त प्राचार्य. चार पिढ्यांचे ख्रिस्ती. लयीबद्दल बोलले असते तर ऐकून घेतलं असतं. ते म्हणाले, "बाई, ही उपासना आहे, मारबतीची मिरवणूक नाही. तुमच्या वस्तीतल्या लोकांना देवापुढेही धिंगाणाच लागतो का?"

कोणीतरी हसलं. मी ढोलकी पोटाशी धरून उभी. तशीच घरी आले.

सोमवारी रूथमावशींकडे गेले. त्या मागच्या बाकावर बसतात. म्हटलं, माझं काय चुकलं ते सांगा.

"काहून पळून राहिली होती वं? मले दमा आहे, मी काय घोडा हावो?" मग पाठीत थाप. "पण वाजवणं सोडू नको."

त्यांना गायला लावलं. त्यांचा श्वास संपेपर्यंत थांबायला शिकले. दुपार गेली.

बुधवारी कमिटीने बोलावलं. टेबलावर टाईप केलेला कागद. ईस्टरला, प्रभुभोजनाची भाकर वाटण्याआधी, मी तो सगळ्यांसमोर वाचायचा. 'ढोलकी हे वाद्य उपासनेला शोभत नाही, ते आणल्याबद्दल मी क्षमा मागते.' नाही वाचला तर गायनमंडळातून बाहेर.

मी म्हटलं, "लय चुकली. ढोलकी नाही चुकली."

"बघा, हाच तो गर्व."

मी गप्प बसले.

"म्हणजे मान्य आहे."

पाळकसाहेब कागदाकडे बघत म्हणाले, "बेटा, नम्र हो. ख्रिस्तानेही तोंड उघडलं नव्हतं."

बोलले तर गर्विष्ठ. गप्प राहिले तर कबूल. उठून गेले तर 'हे लोक टिकतच नाहीत'. सगळ्या दारांना बाहेरून कडी, आणि कडी लावणारा म्हणतो, नम्र हो. तीन रात्री तो कागद उशाशी होता. झोप नाही. आई म्हणायची, "वाचून टाक न वं, काय जाते?"

शनिवारी आठवलं. चौकशीत शिपायाने चापट मारली तेव्हा ख्रिस्त बोलला होता. माझं चुकलं असेल तर दाखव, नाहीतर मारतोस कशाला, असं विचारलं होतं त्याने. मग मला कोणती नम्रता शिकवताय?

ईस्टरला उभी राहिले. "दुगण मी लवकर घेतली. म्हाताऱ्या माणसांचा दम तुटला. त्याची माफी मागते. या कागदावरचं वाचणार नाही. माझी वस्ती हा माझा अपराध नाही." कागद वेदीसमोर ठेवला.

त्याच दुपारी गायनमंडळाच्या यादीतून माझं नाव कापलं.

मी चर्च सोडणार नाही. दर रविवारी ढोलकी घेऊन येईन. ठेका चुकला की सांगा, मान खाली घालून ऐकेन. वस्ती काढाल तर उलट बोलेन. तिथल्या तिथे.

आणि सेक्रेटरींचे दारातले ते शब्द तुम्ही ऐकलेत, पाळकसाहेबांनी नाही. येत्या रविवारी, प्रभुभोजन घ्यायच्या आधी, उभे राहा आणि ते जसेच्या तसे पाळकसाहेबांना सांगा.